नऊ हजार एकशे चौदावी फेरी

अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या मागच्या गल्लीत
दुसऱ्या मजल्यावर बसून मी प्रोग्रॅम मारते.
हलक्या हातानं. "बंद हो" एवढंच सांगते
आणि बघते, नीट बंद होतो का.

पिंपळगावच्या बोरस्त्यांचं शीतगृह, बारा खोल्या,
खोलीमागे एक थ्रेड, द्राक्षांचा गारवा सांभाळणारा.
लाइट गेली की यूपीएस सिग्नल देतो.
(सिग्नल म्हटलं की आई विचारते, द्वारकेचा का?)
आपण हाक म्हणू.
हाक प्रोग्रॅमच्या नावानं येते, कुणा एकाच्या नाही.
बाराजणांत ज्याचे कान उघडे असतील
त्याच्या अंगावर पडते.
कुणाच्या, ते आधी सांगता येत नाही.
गायधनी सरांना हे वाक्य चालत नाही,
रिपोर्टात तर नाहीच.

म्हणून फेऱ्या.
चालू करायचं, हाक मारायची, मोजायचं.
पहिल्या हजारात काही नाही.
"चालतंय ना, सोड की," म्हणत
मुदस्सर कोकणी हेल्मेट घेऊन गेला.
पाचव्या हजाराला खालच्या चहावाल्यानं शटर ओढलं.
नऊ हजार एकशे चौदाव्या फेरीला
थांबलं.
कोसळलं नाही, चूक दाखवली नाही,
नुसतं थांबलं.

उकलून पाहिलं.
सात नंबरचा थ्रेड नोंदवहीला कुलूप घालून
तापमान लिहीत होता, आकडा अर्धा झालेला,
तेवढ्यात हाक त्याच्यावरच आली.
हातातलं तसंच टाकून गेला बिचारा.
हाकेचं काम काय, तर नोंदवहीत लिही: बंद होतोय.
नोंदवहीला कुलूप.
कुलूप कुणाचं? ह्याचंच.
किल्ली ह्याच्याच मुठीत
आणि हा दाराशी उभा, आतल्यानं उघडावं म्हणून.
आत कुणी नाही.
मागे अकराजण रांगेत, निमूट.

नियम जुना आहे, मला पाठ आहे.
हाकेला गेलेल्यानं फार काही करू नये,
कुलूप मागू नये, लिहायला बसू नये.
एक खूण करावी, परत यावं.
खुणेकडे बघणारा वेगळा बसवावा,
बाकीच्यांचे कान बांधून.

पाठ असलेलं रात्री अडीचला कळलं.

सातपूर कॉलनी. मी नऊ वर्षांची.
फोन घराच्या नावानं वाजला.
आई मिक्सरवर, आत्या अंघोळीला,
दादा गच्चीत मांजा गुंडाळत.
कान उघडे माझेच.
घरात मोठं कुणी आहे का, माणूस म्हणाला,
आणि उत्तराला न थांबताच म्हणाला,
बाबांचा हात, प्रेसमध्ये, उजवा.

मी रडले नाही. आईला हाक मारली नाही.
रिसीव्हर जागेवर ठेवायचा
तो शेजारी ठेवला, उताणा,
आणि पुन्हा पाढे लिहायला बसले,
सतराचा, जिथं सोडला होता तिथून.
आई हात पुसत आली.
तिनं उताणा रिसीव्हर पाहिला.

काय बधिर पोर, म्हणत सगळे पुढं कितीतरी वर्षं,
बापाचा हात गेला आणि ही पाढे लिहिते.
मीही म्हणत आले.

रिपोर्टात लिहिलं: सातव्याचा दोष नाही.
सर विचारतील, मग कुणाचा?
खोडलं. परत लिहिलं.

कोड बदलून फेरी एकपासून लावली आहे.
चारशे बारा. चारशे तेरा.
सहाला घरी फोन करीन, उशीर होतोय म्हणून.
बाबा उचलतील, डाव्या हातानं, पहिल्याच रिंगला.
त्या दिवसापासून घरचा फोन तेच घेतात.
बाकीच्यांनी उठायचं नाही.